मंत्रीमहोदय, मेंढ्यांची खरूज बाजाराच्या गेटवरच अडवा

माननीय पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यातला शेतकरी. घरी शेळ्या आहेत, थोड्या मेंढ्या आहेत. दिवाळी झाली की घाटावरची धनगर मंडळी मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरतात, भात कापून झालेल्या आमच्या शेतात त्यांचा वाडा, म्हणजे कळपाचा मुक्काम, बसतो, आम्हाला लेंडीखत मिळतं, त्याचे आम्ही पैसे देतो नायतर भात देतो, आज्याच्या काळापासून चाललंय हे. आता आजूबाजूच्या वाडी-वस्तीतले लोक म्हणायला लागलेत की यंदा धनगर नको, मेंढरं खरूज घेऊन येतात. माझं म्हणणं असं आहे की चुकीच्या माणसाला धरताय. खरूज कळपाकळपात पोचवतो तो बाजार, आणि बाजार सरकारच्या हातात आहे. (बाजार समिती पणन खात्याकडे, जनावर तुमच्या खात्याकडे, त्यामुळे एकमेकांकडे बोट दाखवायची सोय मस्त आहे, ती तेवढी यावेळी वापरू नका ही विनंती.)

मेंढीची ही खरूज सोरोप्टेस ओव्हिस नावाच्या किड्यामुळे होते, मिलिमीटरपेक्षा लहान, कातडीच्या आत शिरत नाही, वरच लोकरीच्या बुडाशी राहतो. मेंढी दगडाला, झाडाला, कुंपणाला अंग घासते, स्वतःची लोकर दाताने उपटते, मग खपल्या धरतात, लोकर झडते, चरण्यावरचं लक्ष उडतं आणि वजन उतरतं. पण एवढं दिसेपर्यंत कित्येक आठवडे गेलेले असतात. अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला साधारण दोन आठवडे पुरतात आणि सुरुवातीला थोडेच किडे असतात तेव्हा मेंढी एकदम टकाटक दिसते. बाजारात येते ती हीच टकाटक मेंढी, खपल्यावाली कोण कशाला आणेल विकायला?

आता बाजारात काय होतं ते बघा. चार गावची मेंढरं एकाच दावणीला, एकाच पिकअपमध्ये दाटीवाटीने भरलेली, गाडीच्या फळ्यांना लोकरीचे पुंजके अडकलेले, तीच गाडी न धुता परतीला दुसऱ्याची जनावरं भरते. हा किडा मेंढीच्या अंगावरून पडला तरी 15 ते 17 दिवस जगू शकतो. आणि आमचा बाजार आठवड्याचा, म्हणजे आज रेलिंगला चिकटलेला किडा पुढच्या बाजाराला आलेल्या मेंढीला लागू शकतो आणि त्याच्या पुढच्या बाजारालाही. सगळ्यात वाईट म्हणजे न विकलेली मेंढी. भाव पटला नाही म्हणून संध्याकाळी माणूस तिला घरी नेतो, सरळ कळपात सोडतो, आणि वर म्हणतो मी तर नवीन काहीच घेतलं नाही मग खरूज आली कुठून. बकरी ईदच्या आधी तर बाजार नुसता फुटलेला असतो, तेव्हा हे सगळं दसपट.

तुम्ही म्हणाल मग तपासणी करतो, गेटवर डॉक्टर बसवतो. बसवाच, आमच्याकडच्या दवाखान्यात डॉक्टरची खुर्ची बरेच दिवस रिकामीच आहे तो विषय वेगळा. पण नुसत्या डोळ्याने तपासून हा रोग सापडत नाही हे वर सांगितलंच. शिवाय सापडली की दंड, गाडी परत पाठवा, असं केलंत तर व्यापारी गेटवर येणारच नाही, हायवेच्या कडेला झाडाखाली सौदा करेल. 2022 ला लम्पी आला तेव्हा जनावरांचे बाजार बंद केलेत, तो रोगच तसा होता, ते बरोबर होतं. खरजेसाठी बंदी नको. उलट जो स्वतःहून सांगेल की माझ्या मेंढीला खाज आहे त्याचं नुकसान होणार नाही अशी सोय पाहिजे, बाजाराच्या एका बाजूला वेगळा गोठा, तिथेच फुकट इंजेक्शन, आणि तिचा सौदा नंतर. सांगितलं तर फायदा होतो हे एकदा दिसू द्या, मग लोक स्वतः सांगतील.

इंजेक्शनचं पण बोलायला पाहिजे. आयव्हरमेक्टिन हे किडे मारायचं औषध सगळ्यांना माहीत झालंय, मेडिकलमधून आणतात आणि अंदाजाने टोचतात. या खरजेला साधारण 7 दिवसांच्या अंतराने दोनदा द्यावं लागतं, एकदा देऊन भागत नाही, आणि देऊन परत त्याच वाड्यात सोडलं तर तिथले किडे परत अंगावर येतात. वजन नजरेने धरलं की डोस कमी पडतो आणि उरलेले किडे औषधाला दबेनासे होतात, ब्रिटनमध्ये या गटातल्या औषधांना दाद न देणारे किडे सापडलेले आहेत. म्हणून गेटवर एक साधा काटा ठेवा, वजन करा आणि मग टोचा. इंजेक्शन दिलेलं जनावर लगेच कापायला जाता कामा नये, औषध मांसात राहतं, तेव्हा तारीख लिहिलेली चिठ्ठी सोबत द्या. कानात बिल्ला मारायचं धोरण तुमचंच आहे, मग कुठला बिल्ला कुठून आला आणि कुणाकडे गेला एवढं बाजारात लिहून घेतलं की खरूज निघाल्यावर मागे जाऊन तो कळप गाठता येईल, नायतर तो बिल्ला नुसता कानातला दागिना.

ब्रिटनचाच अजून एक धडा. तिथे मेंढ्यांना औषधाच्या पाण्यात बुडवणं कायद्याने सक्तीचं होतं, 1992 ला सक्ती उठवली, मालकांवर सोडलं आणि खरूज जोरात पसरली. पुढे स्कॉटलंडने 2010 ला नियम केला की नुसता संशय आला तरी कळवायचं. ऑस्ट्रेलियाने तर एकोणिसाव्या शतकातच ही खरूज देशातून घालवली. म्हणजे होतं, पण एकेकट्याने होत नाही, शेजारच्या कळपाने पण त्याच वेळी केलं पाहिजे.

बुडवायची टाकी मात्र कोकणात जपून. कुणी सायपरमेथ्रिनचं, म्हणजे बुडवायच्या किडेमार औषधाचं, पाणी व्हाळात (ओढ्यात) ओतलं तर ते खाडीत जातं, कोळंबी आणि मासे मरतात, मग मच्छीमार आणि मेंढपाळ यांची भांडणं तुम्हालाच सोडवावी लागतील. आमच्यासारख्या पावसाच्या मुलखात इंजेक्शनच बरं. काही म्हातारे करंजेल चोळतात, खाज थोडी शमते, पण कळप साफ होत नाही.

दिवाळीनंतर वाडे उतरायच्या आधी निदान एका तालुक्याच्या बाजारात हे चालू करून बघा. गाड्या धुवायला पाण्याचा पाईप, एक काटा, वेगळा गोठा, बाजारच्या दिवशी एक डॉक्टर आणि एक वही. आणि खाली येणाऱ्या प्रत्येक वाड्याला घाटाच्या पायथ्याशीच पहिलं इंजेक्शन द्या, दुसरं आठवड्याने त्यांचा वाडा जिथे बसला असेल तिथे जाऊन, 1962 नंबरला फोन केला की येणारी फिरत्या पशुदवाखान्याची गाडी त्यासाठी वापरता येईल. आमच्या शेतात बसणार असतील तर गाडी बांधापर्यंत येते, रस्ता मी दाखवतो.

आपला,
एक शेतकरी, दापोली तालुका, जिल्हा रत्नागिरी