ताई, माझी मूठ वळली

फिजिओथेरपीच्या ताईंना,
स. न. वि. वि.

रावेरकडचा केळीवाला म्हटलं की तुमच्या लक्षात येईल. घड उतरवताना विळा निसटला आणि डाव्या हाताची अनामिका अन् करंगळी आतल्या बाजूने कापली. आम्ही म्हणत होतो नस तुटली. ती नस नव्हे, बोट वाकवणारी दोरी, टेंडन, हे तुम्ही समजावलंत. जळगावच्या डॉक्टरांनी ऑपरेशन चोख केलं, त्यांचे उपकार आहेतच. पण पुढचे तीन महिने मला तुम्ही सांभाळलंत.

मनगट वाकवून हाताच्या पाठीवर स्प्लिंट, म्हणजे हात जागेवर धरणारी कडक पट्टी. दर तासाला उजव्या हाताने बोटं तळव्याकडे न्यायची आणि स्प्लिंटला टेकतील एवढीच सरळ करायची. हे मी इमानाने केलं. बिडीचं मात्र खोटं बोललो. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही माझा उजवा हात हातात घेतलात, बोटांवरचा पिवळा डाग अंगठ्याने घासून पाहिलात. मान खाली गेली माझी. रागावला नाहीत. विचारलंत, "भाऊ, ठिबकच्या ड्रिपरला क्षार धरला तर केळी लगेच मरते का?"

मरत नाही, पण घड पोसत नाही. तेच बोटाचं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, धुरामुळे रक्तातून ऑक्सिजन कमी पोचतो, जोड भरायला उशीर लागतो. दोरी तर आजूबाजूला चिकटायला टपलेलीच असते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची बोटं ऑपरेशननंतर कमी वळलेली आढळतात, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. मग नुसती तंबाखू मळतो म्हणालो, तर म्हणालात, निकोटिन तिच्यातही आहेच.

पहिले आठ दिवस फार जड गेले. पहाटे मोटार चालू करायला गेलं की हात खिशाकडे जायचा. तुम्ही मायला फोन करून सांगितलंत, चिडला तर चिडू द्या, बंडल देऊ नका. माझ्या मायशी एवढ्या मायेने कुठल्या दवाखान्यातून कुणी बोललं नव्हतं.

सहा आठवड्यांनी स्प्लिंट निघाली. बारा आठवडे होईपर्यंत वजन उचललं नाही. आता अनामिका तळव्याला टेकते, करंगळी एक बोटभर दूर राहते. काल कळण्याची भाकरी डाव्या हातात धरून उजव्याने मोडली. माय बघतच राहिली.

सोमवारी येतोय. करंगळी मोजा. बिडीला हात लावून अकरा आठवडे झालेत.

तुमचा,
केळीवाला भाऊ