विषय: कॅलिपर बदलल्यापासून ब्रेक पेडल स्पंजसारखं, तीन चकरा मारून पण तेच

सर्व्हिस मॅनेजर साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्याकडे माझ्या गाडीचे पुढचे दोन्ही कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारे भाग), पॅड आणि ब्रेक ऑइल बदललं, बिल झालं १४,२०० रुपये. त्याबद्दल काही म्हणणं नाही, एका बाजूचा पिस्टन जाम झालाय हे मीच दाखवलं होतं. पण गाडी घेऊन निघालो आणि तुमच्या गेटबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला पेडल पार निम्म्याखाली. दोन-तीनदा पंप केलं की वर येतं, कडक लागतं, जरा थांबून दाबलं की परत मऊ.

मी सासवडला राहतो, काम हडपसरला, म्हणजे रोज सकाळी दिवे घाट उतरायचा. पुढे भरलेला ट्रक, मागे एसटी आणि मी वळणावर पेडल पंप करतोय. बायको रोज माझ्यासोबत यायची, ती दुसऱ्या दिवसापासून सरळ एसटीने जायला लागली.

पहिल्यांदा परत आलो तर म्हणे नवीन पॅड आहेत, सेट होतील, दोनशे किलोमीटर चालवा. पॅड सेट व्हायला वेळ लागतो हे मलाही माहितीये हो, पण तोवर ब्रेक जरा कमी धरतो, पेडल खाली नाही जात. दुसऱ्यांदा ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली एअर काढून दिली. तिसऱ्यांदा परत एअर काढली, दोन्ही वेळचे ऑइलचे मिळून ६४० रुपये लावले, आणि वर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) गेलाय म्हणून ७,८०० चं एस्टिमेट हातात. अहो, तो गेला असता तर पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकलं असतं ना? मी सिग्नलला मिनिटभर दाबून बघितलंय, जागचं हललं नाही.

शेवटी गावातल्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने पुढचं चाक काढलं, वाकून बघितलं आणि हसायलाच लागला. एअर काढायचा निपल खालच्या बाजूला! दुसऱ्या चाकाला पण तेच. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे. हवा वर जाणार आणि निपल खाली, मग कितीही ऑइल सोडा, वरचा बुडबुडा बसतोय तिथेच. त्याने कॅलिपर अदलाबदल केले, मागच्या डाव्या चाकापासून सुरू करून चारही चाकांची एअर काढली. दीड तास, ९०० रुपये. आता पहिल्याच दाबाला पेडल टणक.

आणि तुमच्याच बिलावर डाव्या-उजव्याचे दोन वेगळे पार्ट नंबर छापलेत, बघा जरा. फोटो, दोन्ही बिलं जोडलीत.

माझे ९०० आणि ऑइलचे ६४० परत द्या, हे कसं झालं ते लेखी कळवा, आणि त्याच माणसाने त्या आठवड्यात आणखी कुणाचे कॅलिपर बसवले असतील तर त्या गाड्या आधी बोलवून तपासा. मास्टर सिलिंडरचं एस्टिमेट रद्द केलंय हे पण लिहून द्या, तुमच्याकडून त्याचे फोन अजून येतायत, काल दोनदा आला.

आपला,
सासवडचा ग्राहक