ड्रोनच्या नोटिशीतले दोन शब्द खोडा : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहरचना संस्था मर्यादित,
धानोरी, पुणे.

विषय : ड्रोन उडवण्यासंबंधीची नोटीस दुरुस्त करणेबाबत.

महोदय,

लिफ्टशेजारच्या फलकावर परवा लागलेली नोटीस वाचली. ‘संस्थेच्या आवारात अध्यक्ष व सचिव यांच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही ड्रोन उडवू नये.’ हेतू चांगला आहे आणि समितीने विषय हाती घेतला याचं बरंही वाटलं. पण त्यातले ‘लेखी परवानगीशिवाय’ हे दोन शब्द आधी खोडा, एवढ्यासाठी हे पत्र. ही परवानगी देण्याचा अधिकार आपल्या समितीला नाहीच. पार्किंग, गच्चीची किल्ली, क्लब हाऊसचं भाडं हे आपल्या हातातलं. गच्चीच्या वरचं आकाश आपलं नाही. जे आपलं नाही त्याची परवानगी संस्थेच्या लेटरहेडवर गोल शिक्का मारून दिली, तर उद्या काही झाल्यावर पोलीस आधी शिक्का कोणाचा हेच विचारणार.

मी ड्रोनच्या विरोधात नाही. मी स्वतः हौसेने उडवतो, पण सांगोल्याकडच्या आमच्या शेतावर. पुण्यात तो कपाटातच असतो. कारण साधं आहे : लोहगाव विमानतळाची भिंत आपल्या बिल्डिंगपासून सरळ रेषेत पाच किलोमीटरच्या खूप आत येते.

आपल्याकडे ड्रोनसाठी २५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर देशाचा हवाई नकाशा टाकला. हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटर, वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल भागात केंद्र सरकारने परवानगी दिली तरच. विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंत लाल, पाच ते आठ पिवळा, आणि आठ ते बारामध्ये २०० फुटांपर्यंत हिरवा व त्यावर पिवळा, असा हा हिशेब. धानोरी, टिंगरेनगर, विमाननगर ही लाल पट्ट्यातली वस्ती. लाल भाग जमिनीपासूनच सुरू होतो, त्यामुळे ‘आम्ही फक्त गच्चीच्या थोडंसं वर नेतो’ याला अर्थ नाही. उलट अकराव्या मजल्याच्या गच्चीवरून उडवलेला ड्रोन निघतानाच शंभर फुटांवर असतो.

त्यात लोहगाव हे निव्वळ प्रवासी विमानतळ नव्हे. तो हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी आणि नियंत्रण त्यांचं, प्रवासी विमानं त्यावर पाहुणी. सुखोई गेलं की आपण सगळे फोनवर बोलता बोलता ‘एक मिनिट, थांबा’ म्हणतो, त्याच आकाशाबद्दल हे चाललं आहे. पुण्यात असंही हिरवं फार उरत नाही. इकडे लोहगाव, तिकडे खडकवासल्याला एनडीए, मध्ये खडकीचा दारूगोळा कारखाना, पाषाणला डीआरडीओच्या प्रयोगशाळा, देहूरोडचा लष्करी डेपो, कॅन्टोन्मेंट. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मित्राने उडवला म्हणून आपणही उडवू, असं म्हणण्याआधी नकाशा उघडावा. तो कोणालाही बघता येतो. आपल्या जागेवर बोट ठेवलं की रंग दिसतो.

आता त्या रविवारच्या प्रकाराबद्दल. सी विंगच्या गच्चीवरून कोणीतरी संध्याकाळी ड्रोन सोडला. पाण्याच्या टाकीवरची कबुतरं एकदम उठली म्हणून मी वर पाहिलं. तो आधी मंदिराच्या बाजूला गेला, मग वळून बी विंगच्या पाचव्या मजल्याशी येऊन स्थिर झाला. ड्राय बाल्कनीत वाळत घातलेले परकर, त्यामागे बाथरूमची अर्धी उघडी खिडकी, आणि समोर दहा-पंधरा फुटांवर घोंगावणारा कॅमेरा. तिथल्या वहिनींनी टॉवेल ओढून खिडकी लावली तेव्हा तो हलला. पोरांना त्यात गंमतच वाटली असेल. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये खासगी क्षणी स्त्रीकडे चोरून पाहणं किंवा तिचं चित्रण करणं हा गुन्हा आहे. हवाई नियमांचा भंग झाला तर दंड, तो एक लाख रुपयांपर्यंत. पण कलम ७७ लागलं तर प्रकरण दंडावर भागत नाही. मुलांचं नाव मी घेत नाही. कोण आहेत ते समितीला ठाऊक आहे, त्यांच्या आईवडिलांशी शांतपणे बोलावं.

त्या घरून उत्तर येईल तेही मला पाठ आहे : ‘अहो, तो २४९ ग्रॅमचा आहे, त्याला काही लागत नाही.’ मामाने अमेरिकेतून आणलेल्या प्रत्येक ड्रोनबरोबर हे वाक्य फुकट येतं. खरं एवढंच की २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोन चालवण्याचा परवाना, लागत नाही. दोन किलोपर्यंतच्या ‘मायक्रो’लाही हौसेसाठी लागत नाही. पण ही सूट उडवणाऱ्याच्या सर्टिफिकेटपुरती आहे. लाल आणि पिवळ्या भागाच्या बंदीतून वजन कमी म्हणून कोणी सुटत नाही, आणि नोंदणी करून युआयएन, म्हणजे ड्रोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, घेणंही चुकत नाही. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातले तयार ड्रोन भारतात आणायलाच बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचे अपवाद आहेत, त्यात मामा बसत नाहीत.

दुसरं उत्तर : ‘ॲपने उडू दिला, म्हणजे चालत असणार.’ ॲपमधला नकाशा कंपनीचा, नियम सरकारचा. डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या चिनी कंपनीने तर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत विमानतळाजवळचं आपोआप लागणारं कुलूपच काढून टाकलं. आता तिथे फक्त इशारा येतो आणि उडवायचा की नाही हे उडवणाऱ्यावर. त्यामुळे मशीन अडवत नाही म्हणून कायदा अडवत नाही, असं होत नाही.

मुलांपेक्षा मला मोठ्यांची जास्त काळजी आहे, कारण दोन ठिकाणी संस्था स्वतः यात अडकणार आहे.

पहिलं म्हणजे गणपती. सांस्कृतिक समितीच्या खर्चाच्या कागदात ‘मिरवणूक व आरती – ड्रोन शूट’ अशी ओळ मी पाहिली. पैसे घेऊन शूटिंग म्हणजे व्यावसायिक काम, तिथे हौसेची सूट नाही. फोटोग्राफर ‘परमिशन आहे सर, टेन्शन घेऊ नका’ असंच म्हणेल. त्याला म्हणावं, तीन कागद व्हॉट्सॲप कर : ड्रोनचा युआयएन, चालवणाऱ्याचं रिमोट पायलट सर्टिफिकेट, आणि याच जागेसाठी याच तारखेची परवानगी. पहिले दोन कदाचित येतील. तिसरा लाल पट्ट्यात कुठून आणणार? त्यापेक्षा ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून ट्रायपॉडवर कॅमेरा लावला तर ढोलपथकाचं रिंगण पूर्ण येतं. मागे काढलेले फोटो माझ्याकडे आहेत, हवे तर पाठवतो.

दुसरं, वॉटरप्रूफिंग. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये बाहेरच्या भिंतींच्या तड्यांसाठी ‘ड्रोन सर्व्हे’ धरला आहे आणि सभेत तो कोणी विचारल्याशिवाय मंजूरही झाला. इथे ‘माहीत नव्हतं’ म्हणायला जागा नाही, कारण कामाचा आदेश संस्थेचा, चेकवर सह्या आपल्या. ती रक्कम वजा करून घ्यावी. रंगारी तसेही झुला लावणारच आहेत. झुल्यावर इंजिनिअर चढवला की तडे हाताला लागतील, ड्रोनच्या व्हिडिओत पोकळ प्लॅस्टर वाजत नाही.

पोलिसांचे आदेश हा आणखी एक थर. नकाशावर हिरवा असलेला भागसुद्धा पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतो. मोठा दौरा, सभा अशा वेळी हे होतं. मुंबईत तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४) ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांवर बंदीचे आदेश निघतात आणि मुदत संपली की पुन्हा निघतात. ज्यांची मुलं मुंबईत नोकरीला आहेत त्यांनी हे कानावर घालावं. आणि कागदोपत्री सगळं हिरवं असलं तरी माणसंही असतात. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यापासून बीडपर्यंत गावोगाव रात्रीच्या ड्रोननी लोकांची झोप उडवली होती, चोर टेहळणी करतात म्हणून लोक काठ्या घेऊन जागत होते. तेव्हापासून मी माझ्याच शेतात उडवायचा तरी आधी पोलीस पाटलांना फोन करतो. नियमात तसं काही नाही; पण लोकांना आपलं म्हणणं सांगायच्या आत दगड आलेला असतो.

ट्रेकच्या ग्रुपसाठीही एक गोष्ट. पावसाळी सहल लोहगडला ठरते आहे आणि ‘ड्रोन शॉट मस्त येतील’ असा मेसेज फिरतो आहे. लोहगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. २०२५ मध्ये जे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले त्यांतलाच हा एक. तिथे ड्रोन उडवायचा तर खात्याची परवानगी वेगळी, हवाई नकाशा वेगळा, आणि जवळच लोणावळ्याला आयएनएस शिवाजी ही नौदलाची प्रशिक्षण संस्था आहे. भीमाशंकरला गेलात तर अभयारण्य, म्हणजे वनखातं. डोळ्यांनी बघून यावं हे उत्तम.

तेव्हा नोटीस नव्याने लावताना मजकूर असा असावा, असं सुचवतो :

‘आपली संस्था लोहगाव विमानतळाच्या पाच किलोमीटर परिघातील लाल क्षेत्रात येते. येथे कोणत्याही वजनाचा ड्रोन, कोणत्याही उंचीवर, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवण्यास कायद्याने मनाई आहे. व्यवस्थापक समिती अशी परवानगी देऊ शकत नाही. गच्ची, पोडियम व पार्किंग येथून ड्रोन सोडण्यास संस्थेची मनाई आहे. सभासदाच्या कार्यक्रमासाठी बाहेरून येणाऱ्या फोटोग्राफरलाही हे लागू राहील.’

खाली डिजिटल स्कायच्या नकाशाची छापील प्रत चिकटवावी, आपल्या बिल्डिंगवर पेनाने गोल करून. मुलं शब्दांपेक्षा नकाशा लवकर वाचतात. गेटवरच्या वॉचमनला मराठीत आणि हिंदीत, दोन्ही भाषांत समजावून सांगावं की काळी पेटी घेऊन फोटोग्राफर आला तर आधी ऑफिसला फोन करायचा. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत गच्चीच्या वापराचा ठराव घ्यावा, म्हणजे आपली मनाई नुसत्या नोटिशीवर राहणार नाही.

आणि पोरांचा अगदीच हिरमोड नको. हाताच्या पंजाएवढे खेळण्यातले ड्रोन, पंख्यांना जाळी असलेले, क्लब हाऊसच्या बंद हॉलमध्ये रविवारी तासभर फिरवू द्या. छताखाली हवाई नकाशाचा प्रश्न येत नाही. ती परवानगी मात्र अध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीने खुशाल द्यावी. वरचे पंखे बंद ठेवायचे आणि झुंबराचा खर्च आईवडिलांकडून, एवढं त्यात लिहून घ्यावं.

मजकूर टाईप करून देणं, नकाशाची प्रत काढणं ही कामं मी करतो. गणपतीच्या वर्गणीची पावती फाडायच्या आत फोटोग्राफरशी बोलणं व्हावं, कारण ॲडव्हान्स दिला की तो परत येत नाही.

कळावे,

आपला विश्वासू,
बी विंगमधील एक सभासद