बाई, ती मातीची पुडी अजून आमच्या घरात आहे

आदरणीय बाई,

प्रदर्शनाच्या दिवशी तुम्हाला गाठून बोलायचं होतं. पण माझाच गळा दाटून आला आणि राहून गेलं. म्हणून हे पत्र, चार लोकांनीही वाचावं असं.

माझ्या लेकाला मराठीचा तास नकोसा झाला होता, आणि त्याला कारण होतं. आधीच्या शाळेत 'कथेचे घटक' म्हणून कथानक, पात्रं, वातावरण, संवाद एवढं घोकून घेतलं. सातवीत त्यानं एकदा लिहिलं, 'वातावरण म्हणजे गोष्ट घडते तिथला वास, उजेड आणि आवाज.' त्यावर लाल फुली आली, शेजारी शेरा: 'गाइडमधलं उत्तर लिही.' त्या फुलीचा मला आजही राग येतो. त्यानंतर दोन वर्षं त्यानं स्वतःच्या मनातलं एक वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिलं नाही.

तुम्ही शुक्रवारच्या शेवटच्या तासाला 'बनगरवाडी' वाचून दाखवायला लागलात. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची कादंबरी, औंध संस्थानातली, कोरड्या माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला तरुण मास्तर, आणि शेवटी दुष्काळात वाडी सोडून जाणारी माणसं. मग मुलांना म्हणालात, चपलांच्या खोक्यात ही वाडी उभी करा. आमच्याकडे तीन रात्री कात्री आणि डिंक चालू होता. वाडी झाली ती हिरवीगार! नारळ, ओहोळ, उतरती कौलं. त्याला गाव म्हणजे गुहागरचं आजोळ, एवढंच ठाऊक. वर्गात पोरं हसली. घरी येऊन तो खोकं कचऱ्यात टाकायला निघाला होता.

तुम्ही हसला नव्हता. "तुझ्या वाडीत पाऊस फार छान पडतो रे. ही मोडू नकोस, हिच्या शेजारी दुसरी कर," असं म्हणाला होतात. ते एक वाक्य आठवून तो कचऱ्याच्या डब्यापासून परत फिरला. आणि सोमवारी तुम्ही त्याच माणदेशातल्या, आटपाडीकडच्या तुमच्या गावाहून मूठभर माती आणलीत, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून, त्याच्या एकट्यासाठी.

ती पुडी त्यानं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर सोडली. भुरकट, मुरमाड माती, त्यात वाळकी कुसळं आणि मेंढराची एक सुकलेली लेंडी. बोटांत चोळून बघितली, हुंगली, आणि मला विचारलं, "आई, यात उगवत काय असेल?" तिथून त्याची गाडी सुटली. नकाशा काढला. पावसाचे ढग सह्याद्रीच्या अलीकडेच रिते होतात, माणदेशाला उरलंसुरलं मिळतं, हे त्यानं मला समजावलं. भूगोलात हे त्याला मागेच शिकवलं होतं, पण कळलं ते त्या ओट्यापाशी.

प्रदर्शनात दोन्ही खोकी शेजारी शेजारी होती. खाली त्याच्या अक्षरात चिठ्ठी: 'हिरव्या वाडीत ही गोष्ट घडणार नाही. इथे मेंढरांना चारा आहे, म्हणून वाडी सोडून कुणी जाणार नाही. गोष्टीचा शेवट शेजारच्या वाडीच्या मातीत आहे.' बाई, मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. लाल फुली खाल्लेला तोच मुलगा हा!

नंतर तुम्ही 'आपल्या घराजवळची एक जागा लिहा' असं सांगितलंत, तर त्यानं आमच्या चाळीतला सकाळचा नळ लिहिला. पाणी यायच्या आधी नळ जो खाकरतो, त्या आवाजानं कुणाकुणाची दारं उघडतात ते. माझंही दार त्यात आहे.

सुट्टीत गावी गेलेली बाई, एस.टी.च्या गर्दीत, स्वतःच्या पिशव्या सांभाळत, कुणाच्या तरी पोरासाठी मूठभर माती बांधून आणते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. अशी माणसं शाळेत आहेत म्हणून आम्ही पोरं निर्धास्तपणे तुमच्या हवाली करतो.

उरलेली माती पुडीत तशीच आहे, त्याच्या कंपासपेटीशेजारी. मे महिन्यात आम्ही गुहागरला जातोय. आजीच्या परसातली तांबडी माती बाईंना न्यायची, म्हणून त्यानं आत्तापासून एक कागद घडी घालून ठेवलाय.

तुमच्या नववीतल्या एका विद्यार्थ्याची आई