काकांचा अ‍ॅम्प एवढ्यात विकू नकोस

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू दुसऱ्याच मिनिटाला ‘बरं, मग नवीन घेऊ ना?’ म्हणून विषय मिटवतोस. म्हणून बसून लिहितोय.

काकांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर विकून नवीन घ्यायचं तुझ्या मनात आहे. तुझी तक्रार अशी: डावा स्पीकर मधूनच बसतो, आवाजाचा नॉब फिरवताना खरखर होते, गाणं थांबलं की मागे घुंई ऐकू येते, लेकीचा मोबाइल जोडता येत नाही. आणि शोरूमवाला म्हणाला, ‘साहेब, २० वॅटमध्ये हल्ली काय होतं?’

आधी त्या शोरूमवाल्याचंच बघू. काकांनी मस्कतहून आणलेला एनएडी कंपनीचा ३०२० हा १९७८ साली बाजारात आलेला अ‍ॅम्प. नॉर्वेच्या एरिक एडवर्डसन यांनी त्याचं डिझाइन केलं. दिसायला करडा, प्लास्टिकचा, अगदीच गरीब. कागदावर एका बाजूला २० वॅट, पण तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्राचा अचानक चढलेला आवाज आला की क्षणभर त्याच्या कितीतरी वर जाऊ शकतो, म्हणून तर त्याचं नाव झालं. त्याच्या दर्शनी पट्टीवरचे बारके दिवे किती वॅट चाललेत ते दाखवतात. आज रात्री नेहमीच्या आवाजात काहीतरी लाव आणि दिवे बघ. ८८ डेसिबल संवेदनक्षमतेच्या स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर ८८ डेसिबल ऐकू येतात, आणि एवढ्यानेच शेजारचे दार वाजवतील. तुझ्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये तू पहिल्या दिव्याच्या फारसा पुढे जात नसणार. २० चे ६० वॅट केलेस तरी वाढणार पाच डेसिबलसुद्धा नाहीत. तेवढ्यासाठी नव्या अ‍ॅम्पवर चाळीस हजार?

डावा स्पीकर. मागच्या बाजूला धातूच्या यू आकाराच्या पिना आहेत, प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प हे आतले दोन भाग जोडणाऱ्या. त्यांवर इतक्या वर्षांची काजळी बसली की एक चॅनेल आत-बाहेर करू लागतो, आणि लोक अख्खा अ‍ॅम्प भंगारात काढतात. अ‍ॅम्प बंद करून त्या पिना ओढ, कॉन्टॅक्ट क्लीनरने पूस, परत बसव. तोच स्प्रे नॉबच्या पॉटमध्ये, म्हणजे नॉबमागच्या फिरत्या भागात, मारून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरव, खरखर बहुधा जाईल. तरीही डावा बसलाच तर मागून दोन्ही स्पीकरच्या वायरी आपसात बदल. दोष उजव्या स्पीकरकडे गेला तर अ‍ॅम्पच्या आत किंवा त्याच्या आधी काहीतरी आहे. डावीकडेच राहिला तर बिचाऱ्या अ‍ॅम्पचा संबंधच नाही, स्पीकर नाहीतर वायर बघ.

घुंईचं मात्र मला जरा जास्त वाटतं. कारण तू किशोरीताई ऐकतोस, आणि त्या घुंईचा खरा त्रास तानपुऱ्याला होतो. आपली वीज ५० हर्ट्झची, ती अ‍ॅम्पमध्ये रेक्टिफाय झाली, म्हणजे एसीची डीसी झाली, की उरलेली कुरकुर १०० हर्ट्झची. आता १०० हर्ट्झ म्हणजे जवळपास पेटीच्या पांढरी पाच पट्टीचा खर्ज. गाणं काळी चारमध्ये असेल तर तानपुऱ्याचा खर्ज १०४ च्या आसपास, म्हणजे तुझ्या घरात एक बेसूर तानपुरा कायमचा छेडलेला! कान किटणारच. तर सिलेक्टर फोनोवरून (रेकॉर्डचं इनपुट) ऑक्सवर (इतर उपकरणांचं इनपुट) टाक. घुंई गेली तर टर्नटेबलची अर्थची बारीक वायर सुटली आहे, स्क्रूखाली घट्ट कर. आवाज शून्यावर नेऊनही घुंई तशीच राहिली तर पॉवर सप्लायचे मोठे, वीज साठवणारे कपॅसिटर आत वाळलेत. ते बदलावे लागतील, त्याला इलाज नाही.

ते वाळले असतील तर कशाने, तेही सांगतो. तू अ‍ॅम्प काचेच्या दाराच्या कपाटात ठेवलायस आणि वर सेट-टॉप बॉक्स. कपॅसिटरच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. आधी दार काढ.

मात्र ‘सगळेच कपॅसिटर बदलून टाकू’ म्हणणाऱ्या मेकॅनिककडे देऊ नकोस. जुन्या बोर्डावर जितकं कमी सोल्डरिंग होईल तितकं बरं, तांब्याचे ट्रॅक उचलले जातात. आणि आउटपुट ट्रान्झिस्टर शाबूत असतील तर उगाच हात लावू देऊ नकोस. त्यातल्या २एन३०५५ ट्रान्झिस्टरच्या नावाखाली बाजारात काय काय खपतं ते मी पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत बघितलंय. स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून डीसी मात्र जरूर बघायला सांग. काही मिलिव्होल्ट असतील तर ठीक, व्होल्टमध्ये आकडा आला तर तिथेच थांबायचं, नाहीतर स्पीकरची कॉइल जळेल.

लेकीच्या मोबाइलसाठी ब्लूटूथ रिसीव्हरची डबी मिळते, ती ऑक्सला लाव. एक अडचण येईल: या अ‍ॅम्पचं इनपुट दीडशे मिलिव्होल्टच्या हिशेबाचं, आणि हल्लीची उपकरणं २ व्होल्टपर्यंत देतात. नॉब जरासा हलवला की घर डोक्यावर. म्हणून मोबाइलचा आवाज अर्ध्यावर ठेवायचा.

एनएडीनेच २०१३ मध्ये डी ३०२० काढला, नाव तेच, आतून पूर्ण वेगळा, ब्लूटूथ वगैरे सगळं. पण त्याला फोनो इनपुट नव्हतं, ते पुढच्या आवृत्तीत आलं. नवीन काही घेतलंस तरी आधी एवढं विचार, नाहीतर काकांच्या एलपींसाठी आणखी एक डबा घ्यावा लागेल.

तुझा एकच मुद्दा मला पटला, आणि तो तू शेवटी एका ओळीत उरकलास: काकूंना वाकून नॉब फिरवता येत नाही. यावर माझ्याकडे फर्डं उत्तर नाही. रिमोटने आवाज कमी-जास्त करता येणारा डीएसी, म्हणजे डिजिटल आवाज अ‍ॅम्पला चालेल असा करून देणारी डबी, मिळतो, पण त्याने रेकॉर्डचा प्रश्न सुटत नाही. काकू दिवसभर मोबाइलवरच एफएम आणि भजनं ऐकत असतील तर डीएसी पुरेल. रेकॉर्डही त्याच लावत असतील तर मात्र नवीन अ‍ॅम्प घे, माझी हरकत नाही. त्यांना विचार आणि कळव.

एवढं सगळं करूनही घुंई राहिली तर दिवाळीच्या आधी इकडे येशील तेव्हा घेऊन ये. जेमतेम पाचेक किलोचा आहे, मागच्या सीटवर राहील. पिना काढून वेगळ्या पुडीत ठेवू नकोस, हरवतात.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच