'एकदम फायनल' नावाची झिप

संपादक साहेब, नमस्कार,

सध्या इंजिनिअरिंगवाल्या पोरांचं प्रोजेक्ट सबमिशन चालूय. भाच्याच्या पेनड्राईव्हवर 'फायनल', 'फायनल २', 'एकदम फायनल' अशा झिपा बघितल्या, चौघांचा ग्रुप आणि खरी कॉपी कोणाची ते चौघांनाही माहीत नाही, म्हणून गिटबद्दल, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, लिहायला बसलो.

माझ्या पहिल्या नोकरीत सबव्हर्जन होतं, त्याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर. सगळा इतिहास एकाच सर्व्हरवर, आपल्या मशीनवर फक्त आत्ताच्या फायली, नेट गेलं की कमिट, म्हणजे बदलाची नोंद करणं, बंद, चहा प्या. एकदा त्या सर्व्हरची डिस्कच गेली आणि बॅकअप निघाला आठ महिने जुना. कोड बचावला, पण मधल्या काळात कोणी कुठली ओळ का बदलली ते सगळं पाण्यात. गिट असतं तर कोणाच्याही लॅपटॉपवरनं परत उभं केलं असतं, कारण क्लोन केलं, म्हणजे प्रोजेक्टची कॉपी उतरवून घेतली, की पहिल्या दिवसापासूनचा अख्खा इतिहास आपल्याकडे येतो.

गिटचा जन्मच अडचणीतून झालाय. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणारे २००२ पासून बिटकीपर नावाचं असंच एक सॉफ्टवेअर वापरायचे, २००५ मध्ये त्या कंपनीनं फुकटची सोय काढून घेतली, मग लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सनं एप्रिलमध्ये स्वतःच नवीन लिहायला घेतलं आणि जूनमध्ये कर्नलचं २.६.१२ हे व्हर्जन त्याच्यावरच निघालं. जगभर पसरलेली हजारो माणसं, सगळ्यांना एका सर्व्हरवर लिहायची परवानगी देणार कोण? इथं परवानगी लागतच नाही. आपली कॉपी घ्या, ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी फांदी, काढा, हवी ती मोडतोड करा, जमलं तर मेन्टेनरला, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला, सांगा बाबा ओढून घे, नाही आवडलं तर तो नाही घेणार, तुमचं काम तुमच्याकडे आहेच.

आणि गिटहब म्हणजे गिट नव्हे, ती नुसती नेटवर कोड ठेवायची जागा, आली २००८ मध्ये. गिटमध्ये कमिटला नेटसुद्धा लागत नाही, एसटीत बसून कमिट करा.

कमांडी विचित्र आहेत हे कबूल. चेकआउटनं ब्रँचही बदलते आणि फाईलमधलं कमिट न केलेलं कामही पुसलं जातं, माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेलीय. पुश न करता, म्हणजे सर्व्हरवर न चढवता, लॅपटॉप हरवला तर तेवढं काम गेलंच.

तरी कॉलेजांनी सीडी-पेनड्राईव्हऐवजी रिपॉझिटरीच, म्हणजे इतिहासासकट अख्खा प्रोजेक्ट, मागावी. कोणी कधी काय लिहिलं ते सरांना लॉगमध्ये दिसेल. भाच्याला विचारलं तर म्हणाला, मामा, तिघांना चालेल, चौथ्याचं सांगता येत नाही.

— एक वाचक, सांगली