अर्थची पिन तोडण्याचा सल्ला आणि ॲम्प्लिफायर किटमधील दोष यांबाबत तक्रार

कोल्हापूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचे दोन चॅनेलचे ॲम्प्लिफायर किट मी दसऱ्याच्या सुमारास मागवले. त्यात टीडीए७२९४ या आवाज वाढवणाऱ्या आयसीचे दोन बोर्ड, २४-०-२४ व्होल्ट ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) व तो डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरचा स्वतंत्र बोर्ड आणि जोडणीचे पत्रक होते. पत्र्याची कॅबिनेट मी इथल्या शिवाजी उद्यमनगरातून वाकवून आणली आणि जोडणी पत्रकातील आकृतीबरहुकूम, एकही वायर इकडची तिकडे न करता केली. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, आपल्या सेवा प्रतिनिधींनी फोनवर "जोडणी कोणी केली?" एवढेच विचारले आणि उत्तर पुरते ऐकण्याआधीच दोष माझ्या सोल्डरिंगवर ढकलला. मी कारखान्याच्या देखभाल विभागात तीस वर्षे काढली आहेत. सोल्डर कच्चा राहिला तर तो मला दिसतो.

सेट सुरू केल्यापासून दोन्ही स्पीकरमधून घुरघुर येत होती. आवाजाचे बटण शून्यावर असले तरी ती कमी होत नसे आणि संगणक जोडला की तिच्याखाली आणखी एक जाड, खालच्या पट्टीतला हम सुरू होई. अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात दरबार गायक होते, त्या गावात जयपूर-अत्रौलीच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकायला बसावे आणि गायिकेचा षड्ज एक, ॲम्प्लिफायरचा दुसरा असे व्हावे, हे सोसण्यासारखे नव्हते. तरीही हे पत्र केवळ त्या आवाजासाठी लिहिलेले नाही.

मी दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी प्लगची अर्थची पिन काढून टाकण्यास सांगितले, आणि पत्रकाच्या शेवटच्या पानावरही "हम येत असल्यास दोन पिनांचा प्लग वापरावा" असे छापलेले आहे. मी तो प्रयोग पाच मिनिटे करून पाहिला, हे प्रामाणिकपणे सांगतो. संगणकासोबत येणारा हम खरोखर गेला. मग संगणकाची केबल काढली आणि कॅबिनेटला टेस्टर लावला, तर तो मंद पेटला. केबल जोडलेली असताना तो पेटत नव्हता, याचा अर्थ इतकाच की माझ्या धातूच्या कॅबिनेटला मिळणारे सगळे अर्थिंग त्या ऑडिओ केबलच्या बारीक शिल्डमधून, म्हणजे आतल्या वायरीभोवतीच्या धातूच्या जाळीतून, संगणकाच्या प्लगमार्गे येत होते. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे, म्हणजे मेन्सकडच्या गुंडाळीचे, इन्सुलेशन उद्या निकामी झाले, तर २३० व्होल्टचा बिघाड-प्रवाह त्या शिल्डवर येईल. आणि केबल काढलेली असेल, तर कॅबिनेटला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब केलेली असते ती प्लग घालताना सर्वांत आधी लागावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. ज्या गोष्टीची एवढी काळजी घेतली जाते, ती तोडायला आपण ग्राहकाला छापील पत्रकातून सांगता.

खरा दोष शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. इनपुटला काहीही न जोडता दोन्ही सॉकेट शॉर्ट केले, तरी घुरघुर तशीच राहिली. मोबाइलवरील ॲपमध्ये ती १०० हर्ट्झवर दिसली. आपली वीज ५० हर्ट्झची असते, आणि ब्रिज रेक्टिफायर प्रत्येक आवर्तनात दोनदा कपॅसिटर भरतो, म्हणून १०० दिसले की संशय आतल्या पॉवर सप्लायवर घ्यावा लागतो. आपल्या फिल्टर बोर्डवर दोन कपॅसिटरना मध्ये जोडणारा तांब्याचा पट्टा अरुंद आहे आणि कपॅसिटर भरतानाचे प्रवाहाचे झटके त्यातूनच जातात. आकृतीत डाव्या चॅनेलचा ग्राउंड (सिग्नल ज्याच्या तुलनेत मोजला जातो तो शून्य बिंदू) पट्ट्याच्या एका टोकावरून आणि उजव्याचा दुसऱ्या टोकावरून घेतला आहे. परिणामी दोन्ही बोर्डांचे ग्राउंड एकमेकांपासून त्या झटक्यांइतके हलतात, आणि इनपुट सॉकेट इन्सुलेशनविना धातूच्या पॅनेलवर बसवल्याने तो फरक थेट सिग्नलमध्ये शिरतो. मी पट्ट्याच्या मध्यापासून एक जाड वायर काढली, तिच्या टोकाला एकच बिंदू केला, दोन्ही बोर्डांचे व स्पीकरचे ग्राउंड तिथे आणले आणि सॉकेटखाली इन्सुलेशनचे वॉशर घातले. घुरघुर थांबली.

उरला तो संगणकासोबतचा ५० हर्ट्झचा हम. दोन उपकरणांना दोन अर्थ मिळाल्याने केबलमधून वळसा तयार होतो, हे त्याचे कारण. त्यासाठी पिन तोडावी लागत नाही. मेन्सचा अर्थ रंग खरवडून नटबोल्टने कॅबिनेटला पक्का केला आणि वरील बिंदू व कॅबिनेट यांच्यामध्ये १० ओमचा रेझिस्टर, त्याला समांतर उलट-सुलट जोडलेले दोन जाड डायोड घातले. लहान वळसा-प्रवाह रेझिस्टरला अडतो. बिघाडाचा मोठा प्रवाह डायोडमधून अर्थला जातो आणि फ्यूज उडतो. हे सामान आपल्या किटच्या किमतीच्या तुलनेत नगण्य आहे.

याच तपासात कपॅसिटरचाही प्रकार उघड झाला. एसीच्या २४ व्होल्टचे शिखर सुमारे ३४ व्होल्ट असते आणि कपॅसिटर त्या शिखरापर्यंत भरतो, पण भार नसताना ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज वर चढतो. माझ्याकडे रात्री सॉकेटवर २४२ व्होल्ट असताना फिल्टरवर ३७.६ व्होल्ट मिळाले, आणि आपले कपॅसिटर ३५ व्होल्टचे आहेत. त्यांपैकी एकाचे डोके आताच फुगले आहे. इथे ५० व्होल्टचे कपॅसिटर हवे होते. आकडेमोड करणाऱ्या कोणालाही हे कागदावरच दिसले असते.

माझी मागणी अशी की, पिन काढण्याची सूचना असलेले पत्रक आपण तातडीने मागे घ्यावे, किट घेतलेल्या सर्व ग्राहकांना तसे लेखी कळवावे, जोडणीची आकृती दुरुस्त करावी आणि मला ५० व्होल्टचे कपॅसिटर बदलून द्यावेत. मी स्वतः केलेल्या दुरुस्तीचा खर्च मागत नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाईन. पत्रक मागे घेतल्याशिवाय केवळ कपॅसिटर पाठवल्यास ते मी परत पाठवीन.

कळावे.

आपला ग्राहक
(नाव व पत्ता खरेदी पावतीप्रमाणे)

सोबत : पावतीची छायाप्रत, पत्रकाच्या शेवटच्या पानाचे आणि फुगलेल्या कपॅसिटरचे छायाचित्र